मातीसची खिडकी आणि आमची भिंत

आमच्या पुढच्या खोलीतल्या तीन भिंतींचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. एका भिंतीवर अब्बांच्या काळापासूनची आयतुल कुर्सी आहे, काळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरांची. दुसरीवर काबा आणि मस्जिदे नबवी यांची शेजारी शेजारी छापलेली चित्रे. तिसरीवर घड्याळ, त्याखाली शिक्षक पतसंस्थेचे कॅलेंडर आणि एक खुंटी. चौथी भिंत, दारातून आत येणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ती, घर रंगवल्यापासून रिकामी होती. तिच्यावर काय लावावे या प्रश्नातून प्रस्तुत लेख जन्माला आला. समीक्षेची सुरुवात भिंतीपासून करणे विद्वानांना रुचणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या उर्दू शाळेच्या मास्तराला पॅरिस, वॉशिंग्टन, मॉस्को येथील संग्रहालये कधी पाहायला मिळणार? जगाच्या चित्रकलेशी आमचा संबंध येतो तो छापील प्रतीच्या द्वारे. मग छापील प्रतीचीच समीक्षा का करू नये?

तर २०२४ च्या उन्हाळी सुटीत आम्ही एक चित्र मागवले. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचे 'उघडी खिडकी, कोलियूर' हे १९०५ सालचे चित्र. विक्रेत्याच्या भाषेत 'फाइन आर्ट प्रिंट'. किंमत फ्रेमशिवाय एकोणीसशे रुपये. पगाराच्या मानाने ही चैनच होती आणि ती आम्ही घरी थोडी कमी करून सांगितली.

मागवण्याआधी अम्मींना मोबाइलवर चित्र दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न आमच्या घरात जो असायला हवा तोच होता. "बेटा, इसमें कोई जानदार तो नहीं ना?" जिथे जिवंत प्राण्याची तसवीर टांगलेली असते त्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. झाड, डोंगर, पाणी, होडी यांना हरकत नाही. आम्ही सांगितले, कुंड्या आहेत, वेल आहे, होड्या आहेत, माणूस कोणी नाही. अम्मींनी चष्मा लावून पुन्हा पाहिले आणि दुसरा प्रश्न विचारला. "पर समंदर गुलाबी कायको है?"

१९०५ साली पॅरिसमधल्या जाणत्या लोकांनी विचारलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मातीस आणि त्याचा तरुण मित्र आंद्रे देरँ हे दोघे कोलियूर या भूमध्य समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या गावी राहिले. तिथे काढलेली चित्रे त्यांनी शरद ऋतूतल्या 'सालाँ दोतोन' या प्रदर्शनात मांडली. सात क्रमांकाच्या दालनात व्लामँक, मार्के, मांगँ, कामुआँ यांचीही चित्रे होती. त्याच दालनात जुन्या इटालियन धाटणीचा एक पुतळा ठेवलेला पाहून लुई व्होसेल नावाच्या समीक्षकाने लिहिले की डोनातेल्लो रानटी जनावरांत सापडला आहे. फ्रेंच भाषेत रानटी जनावर म्हणजे 'फोव्ह'. यावरून या मंडळींचे नाव फोव्ह पडले आणि चळवळीला फॉविझम म्हणू लागले. शिवी म्हणून आलेला शब्द पुढे बिरुद होतो, याची उदाहरणे मराठी साहित्याच्या वाचकाला वेगळी द्यायला नकोत. ही चळवळ जेमतेम तीन-चार वर्षे टिकली. १९०८ नंतर प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला.

मातीसचे 'टोपीवाली स्त्री' हे चित्र त्याच प्रदर्शनात होते. त्यातल्या स्त्रीच्या, म्हणजे मातीसच्या पत्नीच्याच, चेहऱ्यावर हिरवे-पिवळे पट्टे आहेत. लोक त्यावर हसत. शेवटी स्टाइन या अमेरिकन भावाबहिणींनी ते पाचशे फ्रँकला घेतले. त्यांनी आधी चारशे देऊ केले होते. घरात पैशांची अडचण असतानाही पत्नीने पाचशेखाली उतरू दिले नाही, असे सांगतात. आम्हाला या बाईविषयी फार आदर वाटतो.

आता मूळ चित्राकडे वळू. समोर दोन्ही दारे सताड उघडलेली खिडकी. खिडकीबाहेर बाल्कनीत मातीच्या कुंड्या, चौकटीभोवती वेलाची पाने, पलीकडे बंदरात होड्या, त्यांचे उभे डोल. पाणी गुलाबी, डोल केशरी-तांबडे. एवढेच असते तर त्याला आपण 'सीनरी' म्हटले असते. पण मातीसने खिडकीच्या दोन्ही बाजूंना खोलीच्या भिंती दाखवल्या आहेत. डावी भिंत निळसर हिरवी, उजवी भडक गुलाबी-जांभळी. एकाच खोलीच्या दोन भिंती दोन परस्परविरोधी रंगांच्या! खोली म्हटली की अंधार आणि बाहेर म्हटले की उजेड, हा नियम त्याने मोडला. आतल्या भिंती बाहेरच्या पाण्याइतक्याच उजळ आहेत. सावली अशी कुठे नाहीच. भिंती सपाट, लांब हाताने ओढलेल्या रंगाच्या. वेलाची पाने म्हणजे आखूड फटकारे. होड्या म्हणजे दोन-तीन ओळी. ठिकठिकाणी दोन फटकाऱ्यांमध्ये कॅनव्हासची पांढरी जमीन तशीच सोडली आहे. तेवढ्या उघड्या जागांतून चित्रात हवा खेळते.

हे रंग कुठून आले, याचे उत्तर आम्हाला पुस्तकांपेक्षा आमच्या वर्गात अधिक नेमके सापडले. आमच्या शाळेतून दरवर्षी काही विद्यार्थी शासनाच्या एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसतात. चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक नाही. भाषा आणि इतिहास शिकवून उरलेल्या वेळात ही तयारी आम्हीच करून घेतो. परीक्षेत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते. वस्तुचित्रात आणि स्मरणचित्रात पान हिरवे, आकाश निळे, नदी निळी काढावी लागते. संकल्पचित्रात मात्र पान लाल चालते, फूल काळे चालते, पार्श्वभूमी कोणतीही चालते. तिथे रंग वस्तूचा नसतो, तो शेजारच्या रंगाला जुळण्यासाठी किंवा त्याच्याशी भांडण्यासाठी असतो. आमच्या मुली संकल्पचित्रात नेहमी पुढे असतात. मेंदी काढणारा हात, दुपट्ट्याची किनार पाहिलेला डोळा, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. स्मरणचित्राला त्या घाबरतात.

मातीसने काय केले? त्याने संकल्पचित्राचा रंग स्मरणचित्रात आणला. खिडकी, कुंडी, होडी या सगळ्या ओळखीच्या वस्तू ओळखू येतील अशाच ठेवल्या आणि रंग मात्र त्यांना किनारीचे दिले. एवढ्यावर पॅरिस खवळले. फॉविझमवर मराठीत जे थोडेफार लेखन आमच्या वाचनात आले त्यात 'भावनांचा स्फोट', 'आदिम ऊर्जा' असे शब्द फार येतात. आम्हाला ते पटत नाहीत. या चित्रात स्फोट कुठेच नाही. हिरव्या भिंतीसमोर गुलाबी भिंत ठेवणे हे अत्यंत शांत डोक्याचे, मोजून-मापून केलेले काम आहे. मातीस आदल्याच वर्षी सिन्याक या चित्रकाराजवळ सेंट ट्रोपे येथे राहून सुट्या ठिपक्यांनी रंग लावायची शिस्त शिकून आला होता. व्हॅन गॉग, गोगँ यांच्याकडूनही त्याने घेतले. ज्याला रानटी म्हटले गेले तो माणूस असा अभ्यासू होता.

आणि आता आमच्या प्रतीची कथा.

पंधरा दिवसांनी पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेली प्रत आली. ती कॅनव्हासवर छापलेली, चोवीस बाय छत्तीस इंचांची. भिंत मोठी, म्हणून मोठे माप आम्हीच निवडले होते. उलगडली तेव्हा होड्या दिसल्या, कुंड्या दिसल्या, गुलाबी पाणीही दिसले. तरी काही तरी चुकल्यासारखे वाटत होते. काय, ते कळेना. तशीच घेऊन आम्ही दत्त चौकाकडच्या आमच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. हे गृहस्थ तीस वर्षे देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सत्काराची मानपत्रे आणि आमच्याकडच्या आयती यांना एकाच हाताने चौकटी बसवत आहेत. त्यांनी प्रत टेबलावर पसरली, चारी कडांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, हे तं दोन्ही बाजूनं कापेल हाये. खिडकीचे पल्ले पूर्ण नाही दिसून राहिले."

तीस वर्षांचा डोळा! घरी येऊन हिशेब केला. मूळ चित्र ५५.३ सेंटिमीटर उंच आणि ४६ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे उंची छत्तीस इंच करायची तर रुंदी तीस इंच हवी. विक्रेत्याकडे तयार माप चोवीसचे. उरलेले सहा इंच, म्हणजे चित्राचा पाचवा हिस्सा, दोन्ही बाजूंनी उडवून टाकला होता. आणि दोन्ही बाजूंना काय होते? डावी हिरवी भिंत, उजवी गुलाबी भिंत. होड्या राहिल्या, भिंती गेल्या. ज्या कारणासाठी हे चित्र मातीसचे होते, नेमके तेच कापून उरलेले आमच्या हातात आले होते. विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले की मापात बसवण्यासाठी असे करावे लागते आणि तशी सूचना दिलेली असते. सूचना होती, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. त्या पत्रव्यवहारात परत पाठवायची मुदतही संपली.

या घटनेचा आम्हाला मनस्ताप झाला तसा लाभही झाला. चित्राचा कोणता भाग काढला की चित्र मरते, हे शोधण्याची याहून सोपी रीत नाही. कवितेतली एक ओळ काढून पाहावी, तसे. भिंतींशिवाय ती बंदराची सुंदर सीनरी होती, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लावावी अशी. भिंती असल्या की पाहणारा खोलीत उभा राहतो. आपण आत आहोत आणि आतही तितकाच उजेड आहे हे त्याला समजते. छाप्याचे रंग थोडे फिके किंवा गडद होणे हा त्या मानाने लहान दोष आहे. कापणे हा मोठा दोष आहे.

दुसरी प्रत आम्ही दुसऱ्या ठिकाणाहून मागवली. या वेळी मूळ मापाचीच, कागदावरची, चारी बाजूंना पांढरी कोरी कड सोडलेली. ती छोटी आहे, शाळेच्या दोन स्लेट-पाट्या शेजारी ठेवाव्यात एवढी. पण पूर्ण आहे. कागद घेतल्याचाही फायदा झाला. कॅनव्हासवरच्या प्रतीत यंत्राच्या कापडाची वीण सगळीकडे सारखी दिसत होती आणि मातीसने सोडलेल्या पांढऱ्या जागा तीत बुडाल्या होत्या. खोट्या कॅनव्हासपेक्षा खरा कागद बरा.

दोन प्रती शेजारी ठेवल्या तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन्हींतली गुलाबी निराळी. पहिलीत ती रूह अफजासारखी, दुसरीत धुतलेल्या ओढणीसारखी. ग्रंथालयातल्या पुस्तकात पाहिली तर तिसरीच. मोबाइलवर चौथी. चार शाईंच्या नेहमीच्या छपाईत तेजस्वी गुलाबी आणि मोरपंखी हिरवा हे रंग पुरते उतरतच नाहीत. महागड्या यंत्रांत जास्त शाया असतात, त्यांनी फरक कमी होतो, जात नाही. ज्या चित्रपंथाचे सर्वस्वच रंग आहे त्याची प्रत घेणारा माणूस म्हणूनच सर्वांत जास्त फसतो. रविवर्म्याच्या छापाचे तसे नव्हते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. लक्ष्मीच्या साडीचा लाल थोडा बदलला तरी लक्ष्मी लक्ष्मीच राहते. मातीसच्या भिंतीचे नाव, रूप, सगळे काही रंगच आहे.

मग प्रतीवरून लिहिणाऱ्याने लिहावेच की नाही? आम्हाला वाटते, लिहावे. पण अमुक छटेचे गोडवे गाऊ नयेत, रंगांच्या परस्पर नात्याविषयी बोलावे. चारही प्रतींत गुलाबी वेगळी असली तरी हिरव्याशी तिची खडाजंगी चारही ठिकाणी तीच आहे. आणि या बाबतीत खुद्द मातीस आमच्या बाजूने उभा आहे. तरुणपणी पॅरिसच्या एका रस्त्यावर थोड्या पैशांत मिळणारी जपानी छापचित्रे तो घेत असे. त्या प्रतिकृती सामान्यच होत्या आणि पुढे मूळ चित्रे पाहिली तेव्हा पहिल्यासारखा आनंद झाला नाही, अशी कबुली त्याने म्हातारपणी, १९४७ साली दिली आहे. म्हणजे फॉविझमच्या मुळाशीच स्वस्त छापील प्रती आहेत!

आपल्याकडेही तेच घडले. मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांनी युरोपातली आधुनिक चित्रे आधी पुस्तकांतून आणि छापांतून पाहिली. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडेन, इमॅन्युएल श्लेसिंगर हे युरोप सोडून मुंबईत आलेले रसिक त्यांना घरी बोलवून दाखवत. या गटातले दोघे आमच्या भागातून गेले, हे आमच्या शाळांत कोणी सांगत नाही. हरी अंबादास गाडे १९१७ साली तळेगाव दशासरला जन्मले. शंकरपटासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव धामणगावजवळ आहे, आणि मुंबईची गाडी पकडायला यवतमाळकर पिढ्यान्‌पिढ्या धामणगावलाच गेले. गाडे विज्ञानाचे पदवीधर, काही काळ शिक्षक, आणि रंगाचे मोठे जाणकार. दुसरे सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ साली जन्मले, १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले, नंतर जे. जे. मध्ये. फाळणीनंतर त्यांचे भाऊ पाकिस्तानात गेले, हे राहिले. १९५० साली फ्रान्सला गेले, साठ वर्षे तिथे काढून परतले आणि २०१६ साली वारल्यावर मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. रझांची लाल माती आणि मातीसची लाल खोली शेजारी ठेवून कोणी अभ्यासकाने लिहावे. आमचा तेवढा अधिकार नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मातीस १९५४ साली वारला. आपल्या कायद्यानुसार कलाकृतीवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणून २०१५ पासून आपल्या देशात त्याची चित्रे कोणीही छापू शकतो. म्हणूनच विक्रेते इतके आणि कात्र्याही इतक्या. रझांच्या चित्रांचा हक्क २०७६ च्या अखेरपर्यंत आहे. त्यांचा 'बिंदू' छापून विकणाऱ्याला परवानगी घ्यावी लागेल.

आता थोडे नाजूक विषयाकडे. आमच्या एका मित्राने चित्र पाहून लगेच सांगितले, "हे सगळं आपल्याकडून गेलं. मातीसने इस्लामी कलेतून रंग उचलला." आमच्या संमेलनांतूनही असे सूर अधूनमधून ऐकू येतात. ऐकायला गोड वाटते. पण तारखा पाहाव्या लागतात. म्युनिकमध्ये मुस्लिम कलेचे जे प्रचंड प्रदर्शन भरले, साडेतीन हजारांहून अधिक वस्तूंचे, गालिचे, धातूकाम, इराणी लघुचित्रे यांचे, ते १९१० साली. मातीस मार्केबरोबर ते पाहायला मुद्दाम गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस अल्हम्बरा पाहायला स्पेनला गेला आणि पुढे आपल्याला पूर्वेकडून साक्षात्कार झाला असे त्याने मोकळेपणी मान्य केले. १९०६ साली तो अल्जिरियातल्या बिस्क्रालाही जाऊन आला होता. हे सगळे १९०५ नंतरचे. त्याआधी पॅरिसमध्ये इस्लामी वस्तू त्याच्या नजरेखालून गेल्या असतील. १९०३ साली तिथे असे प्रदर्शन भरले होते. पण तेवढ्यावरून कोलियूरच्या खिडकीवर आपले नाव घालणे हा खोटेपणा होईल. शिवाय ज्या इराणी लघुचित्रांनी तो भारावला ती राजे, घोडे, प्रियकर-प्रेयसी यांनी, म्हणजे जानदार तसविरींनी खच्चून भरलेली आहेत. अभिमान बाळगायचा तर त्यांचाही बाळगावा लागेल, आणि मग चौथ्या भिंतीवर काय लावावे हा प्रश्न अधिकच बिकट होईल.

मातीसचे खरे मुस्लिम जगाशी नाते जडले ते मोरोक्कोत, आणि तिथे आमचे मन अडखळते. १९१२ च्या जानेवारीअखेर तो टँजियरला पोचला. सुरुवातीला पाऊस कोसळत होता, म्हणून हॉटेलच्या खोलीतून चित्रे काढत बसला. तिथल्या खिडकीचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. निळ्यात बुडालेली खिडकी, काठावर फुलदाण्या, दूर शहर. त्याच चित्राच्या जोडीला 'गच्चीवरची जोहरा' आणि 'कसबाचा दरवाजा' ही दोन आहेत. ही तिन्ही मोरोझोव्ह या रशियन धनिकाने घेतली आणि ती आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहेत. तो तिथे चित्रे काढत होता त्याच मुक्कामात, ३० मार्च १९१२ रोजी, फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात गेला. चित्रांत याचा मागमूस नाही. एडवर्ड सईद वाचलेल्या वाचकाला ही शांतता खटकल्याशिवाय राहणार नाही. बुरख्यामुळे मॉडेल मिळणे त्याला अवघड गेले, आणि जोहरा त्याच्यासमोर कोणत्या परिस्थितीत येऊन बसली असेल याचा विचार केला की चित्राच्या निळाईवर डाग पडतो.

तरीही जोहराचे चित्र पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. गालिच्यावर ती गुडघे मोडून बसली आहे, एका बाजूला लाल मासोळ्यांचे भांडे, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या सपाता, काढून ठेवलेल्या. ज्याच्या घरात चटईवर चढण्याआधी चपला काढतात त्याला ही सपातांची जोडी जशी दिसते तशी पॅरिसच्या समीक्षकाला दिसली असेल, असे आम्हाला वाटत नाही. मातीसने ती पाहिली आणि योग्य जागी ठेवली. ज्या माणसाने आपल्या देशाच्या सैन्याबद्दल रंगाचा एक फटकाराही मारला नाही, त्याने सपाता मात्र अदबीने रंगवल्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. जोहरा आम्ही मागवली नाही. कारण अम्मींचा नियम, हे तर आहेच. पण नियम नसता तरी तिला आमच्या पाहुण्यांसमोर बसवायला आम्ही कचरलो असतो.

मातीसची तिसरी खिडकी १९१४ ची आहे, पुन्हा कोलियूरचीच. युद्ध सुरू झालेले. दोन्ही बाजूंना निळे, करडे, हिरवट पट्टे आणि मधोमध, जिथे नऊ वर्षांपूर्वी गुलाबी पाणी होते तिथे, फक्त काळा रंग. ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. आमच्या मते ती पहिलीपेक्षा मोठी कलाकृती आहे. पण ती रोज सकाळी चहा पिताना पाहायची हिंमत आमच्यात नाही, आणि कलेची थोरवी व घराची भिंत या दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत हे समीक्षकाने कबूल करायला हवे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी आठवीच्या एका मुलीने स्मरणचित्राच्या सरावात 'नदीकाठ' काढला होता. नदी गुलाबी. आम्ही लाल पेनाने तिच्यावर वेढा घालून शेजारी लिहिले, 'ग़लत. पानी नीला'. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिची नदी निळी होती, सगळ्यांच्या नद्या निळ्या होत्या, आणि परीक्षेत तिला 'ब' श्रेणी मिळाली. आम्ही खूश झालो होतो. परीक्षेच्या दृष्टीने आजही आम्हाला तेच सांगावे लागते, कारण नापास झाली तर तिच्या घरचे मातीसला विचारायला जाणार नाहीत. पण ते कागद कपाटात अजून होते. चित्र टांगायच्या दिवशी आम्ही ते काढून पाहिले. तिने नदीकाठची माती गेरूची आणि झाडे गडद हिरवी केली होती. त्या दोन्हींच्या मध्ये निळा खरोखर मेला असता. गुलाबी तिने चुकून लावलेली नव्हती. आमच्याजवळ वस्तू पाहणारा डोळा होता, रंग पाहणारा नव्हता. ती मुलगी आता कुठे आहे ते ठाऊक आहे, लग्न होऊन दिग्रसला. तिला काय सांगावे, हे मात्र अजून सुचलेले नाही.

फ्रेमचे सांगायचे राहिले. सोनेरी नक्षीची पट्टी आम्ही नाकारली, साधी सागवानी रंगाची घेतली. फ्रेमवाले म्हणाले, "काच लावली तं फुटन, अ‍ॅक्रिलिक लावलं तं ओरखडे पडतीन. सांगा, याले काय लावू?" आम्ही काच लावली. कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट घातला, मागे वाळवीचे औषध मारलेली फळी. आमच्याकडचे मे महिन्याचे ऊन कोणत्याही शाईला खाऊन टाकते, तेव्हा ज्या भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीचा उजेड सरळ पडत नाही तीच भिंत हवी होती. चौथी भिंत तशी निघाली. अम्मी आता पाहुण्यांना स्वतःच सांगतात की हे फ्रान्सचे समंदर आहे, तिकडे संध्याकाळी असे होते. आम्ही दुरुस्ती करत नाही.

कापलेली पहिली प्रत फ्रेमवाल्यांकडेच राहिली होती. घरी ठेववेना आणि फेकवेना. परवा एका मानपत्राची फ्रेम आणायला गेलो तर दुकानात ती दिसली नाही. विचारले तेव्हा म्हणाले, आर्णी रोडवर नवीन हॉटेल निघाले आहे, त्याच्या मालकाने फॅमिली रूमसाठी नेली, सोनेरी पट्टी लावून. "कुठली सीनरी हाये म्हनून इचारत होते, सर. मी गोवा सांगितलं."